बचत : शून्य

डनीडिनमध्ये जुलै म्हणजे थंडीचा कळस.
सूर्य इथे उत्तरेकडून येतो,
तोही घाईतल्या पाहुण्यासारखा, टेकल्या न टेकल्यासारखा.
दक्षिण उतारावरची घरं
त्याला नुसती नावानं ओळखतात.

माझ्याकडे यादी आहे. चार हजार एकशे बारा घरं.
छताखाली काही नाही, लाकडी जमिनीखाली वारा.
तीन वर्षांत सगळी उबदार करू, असं मीच लिहून दिलंय.
सही माझी आहे. तेव्हा हात थरथरत नसे.

माणसांहून मेंढ्या जास्त असलेल्या देशात
लोकर माळ्यावर चढायला शंभर वर्षं लागली.

पहिल्या हिवाळ्यात दारंच उघडेनात.
"फुकट? मग विकताय काय?"
एका बाईनं आम्हाला धर्मप्रचारक समजून
"आमचा देव आहे आमच्यापाशी" म्हणत कडी लावली.
कडीच्या फटीतूनही झोत येत होता.
गॅविननं तो वहीत टिपून घेतला.

चर्चमागच्या हॉलात पडद्यांची पेढी आहे आमची.
लोक जुने पडदे आणून देतात,
बंद पडलेल्या हॉटेलातले, वारलेल्या मावशीचे,
एकदा तर नाटकगृहाचा लाल मखमली, चौदा फुटी.
हेदर आणि तिच्या मैत्रिणी अस्तर लावत बसतात,
तोंडात टाचण्या धरूनच बोलतात,
त्यामुळे निंदा कुणाची चाललीय ते कधी कळत नाही.

घर तपासताना दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवतो,
आतली हवा बाहेर ओढतो,
आणि घर खरं बोलायला लागतं:
विजेच्या बटणामागून, खिडकीच्या दोरीच्या भोकातून,
आजोबांच्या काळी बुजवलेल्या धुराड्यातून.
धुराची कांडी नुसती जवळ धरायची.
माणसांना असा पंखा लावता येत नाही,
हे एक बरं आहे.

घर क्रमांक सहाशे अडतीस. मेलेआने फोनुआ.
छत झालं, जमीन झाली, पडदे झाले (लाल मखमली तिच्याच वाट्याला आला).
वर्षानं विजेचं बिल पाहिलं तर
जिथल्या तिथे. एक युनिट कमी नाही.
संगणकानं ती ओळ लाल केली.

चूक शोधायला मीच गेले.
मीटर पाहिला, बंब पाहिला, माळ्यावर चढून आले.
लोकर जागच्या जागी, फुगलेली, शहाण्यासारखी.

मेलेआने दारातच उभी होती, बिल हातात.
"तेवढंच आलं," म्हणाली.
"आता तुम्ही सगळं काढून नेणार का?"

मग घर दाखवलं तिनं.
मागच्या वर्षी पाचही जण एका हीटरभोवती,
एका खोलीत, गाद्या एकीला एक लावून.
बाकीच्या खोल्या म्हणजे बर्फाची पेटी, तिथे बटाटे ठेवायचे.
आता म्हातारा मागच्या खोलीत रेडिओ लावून घोरतोय.
भिंतीवरची काळी बुरशी, जी ती दर शनिवारी व्हिनेगरनं पुसायची,
तिची फक्त छाया उरलीय.
आणि लाटू, वय बारा, स्वतःच्या खोलीत,
दार लावून, अपूर्णांक सोडवत.
मी दार उघडलं तर वैतागला.
"ठोठवायचं असतं," म्हणाला.

मंगळवारी पालिकेत ड्रमंडसाहेबांनी चष्मा खाली घेतला.
"ह्या घरानं शहराचं नेमकं किती वाचवलं?"

"शून्य," मी म्हणाले.
पुढे बोलायचं ठरवून आले होते,
रात्रभर वाक्यं घोकली होती,
पण ते शून्य जिभेवर इतकं गोल, इतकं गरम होतं
की मी थोडी थांबलेच.

त्यांनी पान उलटलं. शेऱ्याच्या रकान्यात माझंच अक्षर:
*मुलगा दार लावून बसतो.*
"हे काय आहे?"

काय आहे ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

सहाशे एकोणचाळीस शेजारचंच घर.
वर एक्क्याऐंशी पायऱ्या, त्याही निसरड्या.
गॅविन शिडी घेऊन पुढे गेलाय.
मी खाली, दम खात,
ह्या वेळी आधी ठोठवायचं, हे मनाशी घोकत.